ज्याचं सुतक नसतं

पूर्णगड,
श्रावण वद्य षष्ठी

प्रिय बाळ्या,



काल फोनवर तू आबांना म्हणालास, "कुत्रंच होतं ना, गणपतीला येताना दुसरं पिल्लू आणतो." आबा "बरं" म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि पडवीत जाऊन बसले. रात्री जेवले नाहीत. तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मी जाणते, पण ते वाक्य मला फार लागलं.

टिप्या कसा गेला ते तुला कोणी नीट सांगितलंच नसेल. गडग्याच्या जांभ्यात फुरसं होतं. संध्याकाळी तो लंगडत आला. आबांना वाटलं, काटा रुतलाय; कंदील घेऊन किती वेळ पंजा चाचपत बसले होते. सकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. वरून जखम दिसतही नाही आणि आत सगळं पाझरत राहतं. रिक्षात घालून नेलं, इंजेक्शनं झाली, पण वेळ निघून गेली होती. "मी काटा शोधत बसलो" हे एकच वाक्य आबा धरून बसलेत. रातांब्याखाली खड्डा त्यांनी स्वतः खणला, कोणाला हात लावू दिला नाही. आपला पंचा अंथरला, वर मीठ घातलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नारळांचा हिशेब करायला माणूस दारात हजर! त्याचा तरी काय दोष? माणूस गेलं की दहा दिवस घर थांबतं. शेजारणी पिठलं-भात आणून देतात, लोक येऊन नुसते बसतात, तेराव्याला गोडाचा घास खायला लावून माणसाला परत चालतं करतात. ज्यांनी हे घालून दिलं त्यांना दुःख कळत होतं. कुत्र्याचं यातलं काहीच नाही. रडावं तर लोक काय म्हणतील, न रडावं तर घशात अडकतं. माझं चाललं असतं तर घरच्या जनावराचंही तीन दिवसांचं सुतक मी पाळायला लावलं असतं. हसू नकोस.

आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे! साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. छत्रपतींना आपल्या कुत्र्याची समाधी बांधताना लाज वाटली नाही. तुझ्या मुंबईतच, १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटकं हुंगून काढणारा पोलिसांचा जंजीर २००० साली गेला, तेव्हा मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी त्याला फुलं वाहून मानवंदना दिली. धर्मराजानं तर कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला साफ नकार दिला. मग आबांनी पडवीत बसून चार दिवस डोळे पुसले तर आपल्याला का अवघडावं?

आणि तू बोलावंस? आपला आधीचा कुत्रा काळू गेला तेव्हा शाळेत जाईनास, आठवतं? आबांनी मास्तरांना चिठ्ठीत खरं कारण लिहून दिलं होतं, "ताप आला" असं नाही लिहिलं. त्या वेळी तुला कोणी दुसरं पिल्लू दाखवलं नव्हतं. टिप्या आला तो कितीतरी वर्षांनी, आणि तोही आपण होऊन, होडीतून.

छोटीला "टिप्या पळून गेला" असं सांगितलंय म्हणे वहिनीनं. तसं करू नका रे. गणपतीला आली की ती गडभर त्याला हाका मारत फिरेल, आणि ते आबांना ऐकवणार नाही. मेला म्हणून सांगा, रडू दे तिला.

मला काळजी आहे ती निराळीच. संध्याकाळी दोघं गडाच्या दरवाजाजवळच्या मारुतीपर्यंत जायचे, खाडीच्या मुखाशी होड्या आत येताना बघत बसायचे. ते आता बंद. चालणं नाही, जेवण निम्म्यावर. भाकरीचा शेवटचा तुकडा अजून ताटाच्या कडेला ठेवतात, मग भानावर येऊन मुकाट्यानं उचलतात. रक्तदाबाची गोळी मी हातात देते, पण परवा ती उशीखाली सापडली. रागावले तर "घेतो गं" म्हणतात.

तू रोज दिवेलागणीच्या सुमाराला फोन कर. पिल्लाचं नाव काढू नकोस. टिप्यानं होडीतून उडी मारली ते त्यांना विचार, ते सांगायला लागले की थांबत नाहीत. आणि बोलता बोलता गोळीचं विचार. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

तुझी,
ताई