लाडवांची वही

आमच्या घरीं दिवाळीच्या फराळाच्या डब्यावर पहारा ठेवण्याचें काम कित्येक वर्षें आमच्याकडे होतें. धाकट्या बहिणीस ११ व्या वर्षीं मधुमेह जडला. बहुधा मोठेपणीं जडतो तो नव्हे, तर ज्यांत शरीर इन्सुलिन तयार करावयाचेंच सोडून देतें, तो. तेव्हांपासून तिचा प्रत्येक घांस मोजला जाऊं लागला. आई भाताची वाटी मोजी, वडील रक्तांतील साखरेचे आंकडे टिपीत आणि आम्ही एका वहींत लाडू मांडीत असूं. एखादा लाडू कमी भरला कीं आमची स्वारी फौजदाराच्या ऐटींत चौकशीस निघे. वाचकहो, सांगावयास लाज वाटते, पण त्या कामांत आम्हांस मोठी धन्यता वाटे!

सोळाव्या वर्षीं ती एकाएकीं बारीक दिसूं लागली. येणाऱ्याजाणाऱ्या बायका तिची वाखाणणी करीत, आम्हींही केली. दिवसा ती पानावरून अर्धपोटीं उठे. रात्रीं मात्र अंधारांत डबे उघडून हातास लागेल तें खाई आणि मग भयानें व शरमेनें इन्सुलिनची सुईच टाळी. सुई टाळली म्हणजे साखर लघवीवाटें वाहून जाते, शरीर आपलीच चरबी जाळूं लागतें व वजन उतरतें. हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. अनुभवानेंच कळलें होतें. एके पहांटे ती ओकाऱ्यांनीं बेजार, धापा टाकीत, जवळजवळ बेशुद्ध अशी सांपडली. रक्तांत आम्ल सांठलें होतें.

रुग्णालयांतील डॉक्टरीणबाईंनीं लाडवांचा हिशेब विचारला नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "तुम्ही घरचीं माणसें हिच्याशीं जेवणाखेरीज दुसऱ्या कशाविषयीं बोलतां काय ?" आम्हांस उत्तर सुचेना.

पुढें आम्हीं या विषयावर बरेंच वाचलें. इन्सुलिन हातीं येण्यापूर्वीं अमेरिकेंत डॉ. अ‍ॅलन यांच्या पद्धतीनें मधुमेही मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून जगवीत. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यांत आलें, आणि त्यानंतर हाडांचे सांपळे झालेलीं मुलें पुन्हां अंग धरूं लागलीं. ज्या कृशतेपासून या औषधानें मुलें सोडविलीं, तिलाच आमची बहीण औषध टाळून बोलावीत होती, आणि आम्ही तिची तारीफ करीत होतों ! बोस्टन येथें २३४ मधुमेही स्त्रियांवर ११ वर्षें लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. इन्सुलिन चुकविणाऱ्या स्त्रियांस मृत्यूचा धोका त्यांत सुमारें तिप्पट आढळला. तो आंकडा वाचून आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

बरें होण्यास दोन वर्षें लागलीं. आहार ठरविणाऱ्या बाई व मनाचे डॉक्टर यांनीं मिळून जेवणाच्या वेळा बांधून दिल्या, आणि अमुक पदार्थ सर्वस्वीं वर्ज्य हा शब्दच काढून टाकला. जेवढें खाणें, त्या मानानें सुई. मध्यंतरीं दोनदां गाडी घसरली.

गेल्या दिवाळींत तिनें सर्वांसमक्ष डबा उघडला, सुई घेतली आणि पानांत एक बेसनाचा लाडू ठेवला. "दादा, हा एक घेतला हं. मांडतोस ना वहींत ?"

वही आम्हीं केव्हांच रद्दींत घातली होती.