निजायच्या खोलीतला टीव्ही

घरात दुसरा टीव्ही येतो तो तहाची अट म्हणून. आमचा, म्हणजे बाहेरच्या खोलीतून निवृत्त झालेला, निजायच्या खोलीत आईच्या पलंगासमोर आहे. दौंडच्या शाखेत दिवसभर लोकांच्या पैशांचे हिशेब करून शिरूरला परतलो की मी त्याचा ताळेबंद मांडतो.

त्याचं असं आहे, डीडी फ्री डिश २००४ पासून आहे. छत्री आणि डबा एकदाच घ्यायचा, महिन्याचं भाडं शून्य, शिवाय सह्याद्री! आईचा दिवस त्यावर जातो. रात्रीच्या जुन्या सिनेमांसाठी एचडीएमआयच्या खाचेत बसणारी काडी आणली. काडी हा भांडवली खर्च, वर्गणी हा महसुली. म्हणून वर्गणी टाळून जाहिरातींसकट यूट्यूब. इंटरनेट माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. चित्र जरा अंधुक ठेवलं की तासाला एक जीबीच्या आत भागतं.

अडचण एकच. मी फोन घेऊन ओट्यावर जाऊन बसलो की आत नायिकेऐवजी नुसतं चाक फिरतं. शेवटी वायफाय जोडून घ्यायचं ठरवलं, तर आई म्हणाली, "कशाला उगीच खर्च? तू बस की इथंच."

ही रक्कम जमेला लिहायची की नावे, हे बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं.