सरांची वायर

नऊ महिन्यांत तीन क्लच वायरी. हिशेब माझ्याच वहीत लिहिलेला आहे, त्यामुळे नाकारायची सोय नाही. त्याखाली एक क्लच प्लेट, एक बॅटरी आणि वहीत न लिहिलेलं एक भांडण.

गाडी १९९६ची मारुती ८००, एमएच १६ पासिंगची, दोन मालकांकडे फिरून माझ्याकडे आलेली. हे मॉडेल जानेवारी २०१४मध्ये बंद झालं, पण सुटे भाग अजून मिळतात आणि बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर असतं. घात झाला तो इथेच. दिसतंय म्हणजे कळतंय, असं मी धरून चाललो. त्यातून तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. मिस्त्रीकडे जाणं म्हणजे कमीपणा.

सुरुवात झाली ती पहिला गिअर टाकताना खर्र आवाज यायला लागला तेव्हा. वायर ताणून लांबली होती, एवढं माझं निदान बरोबर होतं. गिअरबॉक्सकडच्या टोकाला नट असतो, तो आवळला. पण किती? पेडलला हात लावताच दाब जाणवला पाहिजे, अशा हिशेबानं पार आवळला. खरं तर पेडलला वरच्या वर साधारण दोन सेंटिमीटर मोकळा खेळ हवा. तो नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि प्लेट पूर्ण पकडत नाही. आपण क्लचवर पाय ठेवून गाडी चालवल्यासारखंच ते.

त्या अवस्थेत आईला घेऊन मोहटादेवीला निघालो. करंजी घाट चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र रांगत होती. मागून आई म्हणाली, “कुणाचं तरी टायर जळतंय वाटतं रे.” आमचीच प्लेट जळत होती. मी गाडी बाजूला घेतली, दहाचा पाना काढला आणि नट आणखी दोन आटे आवळला! गिअर खरखरतो तेव्हा वायर ढिली असते. इंजिन पळतं आणि गाडी पळत नाही तेव्हा ती फार आवळलेली असते किंवा प्लेट संपलेली असते. प्लेट झिजत जाते तसा पेडलचा खेळ वाढत नाही, कमी होतो, म्हणजे नट सैल करावा लागतो. झिजलं की आवळायचं, ही माझी समजूत सायकलच्या ब्रेकवरून आलेली. पाथर्डी गाठेपर्यंत प्लेटचा निकाल लागला होता.

मधली एक चूक थोडक्यात सांगतो, कारण ती निव्वळ मूर्खपणाची होती. नवी वायर जड लागते म्हणून तिच्यात इंजिनातलं जुनं काळं ऑइल सोडलं. आमच्याकडच्या फुफाट्यात आठ दिवसांत त्याचं लुकण झालं.

दुसरी वायर घोडेगावजवळ तुटली. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि किल्ली फिरवायची. गाडी स्टार्टरवरच गचके खात निघते. पुढचा गिअर इंजिनचा वेग जुळवून हलक्या हातानं. असा इमामपूर घाट पार करून सावेडीत पोचलो आणि शेजाऱ्यांना ते चार वेळा तरी सांगितलं. शौर्याच्या नादात तुटलेल्या वायरीकडे नीट पाहिलं नाही. तिचं वरचं आवरण वितळलेलं होतं.

तिसरी वायर दीड महिन्यात गेली तेव्हा मात्र मी जुन्या दोन्ही वायरी घेऊन बाजारातल्या दुकानदाराकडे गेलो आणि भर गिऱ्हाइकांत म्हणालो, “ड्युप्लिकेट माल विकता.” तो एवढंच म्हणाला, “सर, प्लॅस्टिक तुटत नाही, जळतं.” मी ऐकलं नाही. सकाळी स्टार्टर कण्हत होता, त्यावर बॅटरी बदलून मी आधीच मोकळा झालो होतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही.

शेवटी विळद घाटाच्या अलीकडच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यानं मला चार-पाच वेळा स्टार्टर मारायला लावला आणि म्हणाला, “आता वायरीला हात लावा.” चटका बसला. मग त्यानं जंपर वायरचं एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं बॉडीला लावलं. स्टार्टर नव्या गाडीसारखा फिरला. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजून तुटली होती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून तोडलेलं. स्टार्टरच्या शंभरेक अँपिअरला परतीची वाट हवी होती, ती त्यानं क्लच वायरीतून काढली. सर्किट पूर्ण झाल्याशिवाय प्रवाह वाहत नाही, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो.

पट्टी त्याच दुकानातून आणली. जाताना जळकी वायर नेली आणि माफी मागितली. दुकानदारानं ती हातातून घेतली, काउंटरमागच्या खिळ्याला अडकवली. कुणी वारंवार क्लच वायर मागायला आलं की अजून तिच्याकडे बोट दाखवतो, “आधी अर्थ बघा. ही सरांची वायर.”