दोन गाण्यांच्या मधलं

गाणी जमवणारे रसिक आमच्या मिरजेत घरटी एक तरी सापडतील. मी गाणी जमवत नाही, मी रेडिओ जमवते. म्हणजे गाणं जसं रेडिओवरून आलं तसंच मला हवं असतं. आधी निवेदिकेने घेतलेली नावं, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, मधेच घुसलेलं दुसरं स्टेशन, वेळ संपत आली म्हणून आवरती घेतलेली द्रुत बंदिश, मागोमाग पुढच्या कार्यक्रमाची सूचना, हे सगळं त्यात आलं.

हे वेड सासरी लागलं. आमचे सासरे, अण्णा, शनिवारी रात्री कुठे जात नसत. साडेनऊला आकाशवाणीची अखिल भारतीय संगीतसभा लागायची. १९५२ सालापासून चालत आलेला तो कार्यक्रम अण्णांनी तरुणपणापासून ऐकलेला. घरात टू-इन-वन आल्यावर ते तो टेप करू लागले. रेडिओ आणि टेप एकाच खोक्यात असल्यामुळे बाहेरचा आवाज त्यात यायचा नाही. अडचण एकच होती. सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते, आणि बडा ख्याल कुणाच्या घड्याळावर चालत नाही. कॅसेट उलटण्याचं काम अण्णांनी माझ्याकडे दिलं. गायकाने श्वास घेतला की बटण दाबायचं, बाजू बदलायची आणि पुढची आवर्तनं सुरू व्हायच्या आत पुन्हा दोन्ही बटणं एकदम खाली. त्यासाठी लक्ष देऊन ऐकावं लागायचं. गाणं मी तिथेच शिकले म्हणा ना!

अण्णा गेले तेव्हा कपाटभर कॅसेट मागे राहिल्या. त्यावर राग आणि गायकाचं नाव लिहिलेलं असे, तारीख कुठेच नाही. ही गाणी आता बाजारात मिळतात, कशाला जागा अडवायची, असं घरातल्यांचं म्हणणं पडलं. टाकण्याआधी एकदा ऐकू या म्हणून मी एक लावली. अण्णांनी त्या दिवशी बटण जरा लवकर दाबलं होतं. गाण्याच्या आधी बातम्यांचं शेपूट आलं होतं आणि त्यात अहमदाबादची बातमी होती: गावसकरच्या कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण. म्हणजे ७ मार्च १९८७. कॅलेंडर काढून पाहिलं, शनिवारच! त्या अर्ध्या मिनिटाने ती कॅसेट एका रात्रीची झाली. त्या रात्री देशभर हीच बातमी आणि त्यापाठोपाठ हेच गाणं ऐकलं गेलं होतं. बाजारातल्या सीडीत गाणं मिळेल, ही रात्र मिळणार नाही. कॅसेट टाकायचा विषय त्या दिवशी संपला, आणि पुढे मी इतरांच्या घरातल्याही मागू लागले.

रेडिओ बोलतो आणि विसरतो. टेप महाग होती त्या काळात जगभरच्या केंद्रांवर कार्यक्रम झाला की तीच टेप पुसून पुढच्या कामाला घेत. त्यामुळे कितीतरी श्रुतिका, भाषणं, मुलाखती आज असतील तर कुणाच्या तरी घरातच असतील. गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ते सुरू झालं आणि वर्षभर चाललं. गदिमांची छप्पन्न गीतं, चाली बाबूजींच्या, पण गाणारे अनेक: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर. पुढे त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात, आणि तेच गीतरामायण आपल्या कानांत बसलं. ते थोरच आहे. पण १९५५ साली लोकांनी रेडिओपुढे बसून ऐकलं ते निराळं, पात्रागणिक आवाज बदलणारं होतं. ते आपल्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कॅसेट मिळवणं सोपं, जगवणं कठीण. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. आतला फेल्टचा इवलासा तुकडा, जो फीत हेडवर दाबून धरतो, तो गळून पडला की आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होतो. मग स्क्रू काढून फीत नव्या कवचात घालायची. बारीक फीत बोटाला चिकटते, पीळ बसतो, पंखा बंद करूनच बसावं लागतं. त्यानंतर हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवत राहायचं. एका क्षणी 'स' आणि 'श' एकदम स्वच्छ उमटतात, तिथे थांबायचं. मगच संगणकावर घ्यायचं. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. खरखर मी काढत नाही. मध्यम लहरी रात्री आकाशातून परतून लांबवर पोचतात, म्हणून रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये दूरची स्टेशनं मागे कुजबुजत असतात. ती पुसली तर रात्र पुसली जाईल.

सतारमेकर गल्लीतल्या एका घरातून गेल्या वर्षी पिशवीभर कॅसेट मिळाल्या. तिथे टेपरेकॉर्डर वेगळा, रेडिओसमोर ठेवलेला, आणि तंतुवाद्यं जुळवता जुळवता रेडिओ चालू असायचा, त्यामुळे त्या गाण्यांमागे तारांचे टणत्कार आहेत. त्यांची सूची करताना मी वेगळा रकाना पाडला आहे: 'खोलीतले आवाज'. आता इचलकरंजीहून निरोप आला आहे, माळ्यावर चार स्पूल आहेत, खोक्यावर पेन्सिलीने फक्त 'पुणे केंद्र' लिहिलंय. स्पूलचं यंत्र दुरुस्तीला दिलंय, पट्टा बदलून झाला की जाऊन घेऊन येणार आहे.