क्विझ नाइट, व्हाया नगर

पब क्विझ खेळायला कोरेगाव पार्कच लागतं असं थोडंच आहे? आम्ही चौघांनी ती थेट नगरला नेली. (२०२४पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच.) दिवसा गाव पालथं घालायचं, रात्री परमिट रूममध्ये तिथल्या दोस्तांच्या टीमशी भिडायचं. मोबाइल टोपलीत, प्रश्न एका मित्राच्या काकांचे, हरेल त्याने बिल भरायचं. आमच्यातला एकजण मूळचा नगरचा, पण ऑफिसात तीन वर्षं 'पुण्याचा' म्हणून वावरलेला.

'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' कुठे लिहिलं? सोप्पं! भुईकोट किल्ल्यात, नेहरू १९४२ ते १९४५ तिथेच कैदेत होते. त्याच कैदेतलं मौलाना आझादांचं पुस्तक? 'गुबार-ए-खातिर'. ब्रिटिश कॉमेडियन स्पाइक मिलिगन १९१८मध्ये कुठे जन्मला? चक्क नगरला. समोरची टीम गार.

तरी शेवटी बरोबरी झालीच. काकांचा अखेरचा प्रश्न: चांदबिबी महालात कबर कोणाची? कागदावर 'चांदबिबी' उमटणार, इतक्यात आमच्या 'पुणेकरा'ने पेन हिसकावलं.

"अरे, आमच्याकडे शाळेच्या सहली तिथेच जातात. सलाबतखानाची आहे ती, मुर्तझा निजामशहाच्या वजिराची."

'आमच्याकडे'! समोरच्या टीमनेच टाळ्या वाजवल्या. मग बिल भरलं.

महाल पाथर्डी रस्त्याला, डोंगरावर आहे. अष्टकोनी, तीन मजली. ऊन उतरल्यावर जा, खाली अख्खं नगर दिसतं.