ज्वालेच्या वर आणि ज्वालेच्या खाली

थंडीचे आकडे वर्तमानपत्रांत येऊ लागले की तेलंगणात पहिली आठवण होते ती आमच्या आदिलाबादची. कापसाची वेचणी चालू असते, ज्वारी पोटऱ्यात येते, आणि घरोघरी एकच इच्छा होते : काहीतरी भाजून खावे. वांगे भाजावे, मक्याचे कणीस भाजावे, पुढे हुरडा भाजावा. आमच्याकडे वांग्याचे भरीत होते. शेजारच्या तेलुगू घरी त्याच भाजल्या वांग्यात चिंच पडते आणि त्याची पच्चडी होते. आपण शेगडी म्हणतो, ते कुंपटी म्हणतात. निखारा मात्र दोघांचा एकच.

तो निखाराच आता घरातून गेला. माझ्या आजीची चूल निजामाच्या राज्यात पेटलेली. १९५६ साली ती आंध्र प्रदेशात गेली, २०१४ साली तेलंगणात आली. पण चूल जागची हलली नव्हती, आणि तिचे सरपणही बदलले नव्हते : कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या. चूल हलली ती गॅसने. भारतात घरगुती गॅस १९५५ साली मुंबईत आला. आमच्या खेड्यापाड्यांत तो खऱ्या अर्थाने पोचला १९९९च्या दीपम योजनेने आणि पुढे २०१६च्या उज्ज्वला योजनेने. याबद्दल तक्रार करण्याचा हक्क पुरुषांना नाही. धूर आपण गिळला नाही, आपल्या आयांनी गिळला. माझ्या आईला त्या धुराने दमा दिला. आता तिने धुराजवळ बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

पण आईची अडचण निराळी होती. धूर गेला त्याबरोबर तिचे कामही गेले. ओट्याशी ती उभी राहू शकत नाही, आणि बसून करण्याजोगे काही उरले नाही. ज्या बाईने साठ वर्षे घराला भाकरी घातली, तिला ताट हातात आणून द्यावे लागते. गॅसवरच्या भाकरीला ती नावे ठेवी. सौ.ला वाटे, हे आपल्या हाताला उद्देशून आहे. मला कळत होते, ते रिकाम्या हातांचे बोलणे होते.

अशात धाकट्या चिरंजीवांनी हैदराबादहून एक लहान गॅस-ग्रिल आणले. टेबलावर ठेवायचे, सहज उचलून नेता येईल असे : एक लांबट बर्नर, वर जाळी, खाली तेल गळायला तबक. पनीर, ढोबळी मिरची असल्या शहरी पदार्थांसाठी केलेले. आई म्हणाली, "खेळणं आणलं का रे बाबू? याच्यावर भाकर नाही फुगत."

तिचे खरे होते. उघडी ज्वाळा जिथे लागे तिथे भाकरी करपे, बाजूला कच्ची राही. ओसरीवर वारा आला की ज्वाळा एका अंगाला झुके. वांगे बाहेरून काळे आणि आतून कडक. तेव्हा आम्ही त्याला आपल्या घरासारखे करायचे ठरवले. मोंढ्याजवळ वेल्डिंगचे दुकान चालवणारे एक तेलुगू गृहस्थ आमच्या शाळेचे पालक आहेत. तो संसार त्यांच्या हवाली केला.

पहिली गोष्ट निखाऱ्याची. बर्नर आणि वरची जाळी यांच्यामध्ये आणखी एक लोखंडी जाळी बसवली, आणि तिच्यावर फुटक्या मडक्याच्या खापऱ्या विरळ मांडल्या. त्या आधी दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवल्या. ओल राहिली तर तापल्यावर त्या तडतडून उडतात. खापऱ्या लाल होतात आणि ज्वाळेची धग सगळीकडे सारखी पसरवतात. परदेशी ग्रिलमध्ये याच कामासाठी लाव्हाचे दगड घालतात. आपल्याला मडके पुरते.

दुसरी गोष्ट झाकणाची. मी घमेले काढून दिले, तर वेल्डरसाहेबांनी बाजूला ठेवले. त्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि तो फार तापला तर त्याची वाफ छातीला बाधते. मग माळ्यावरची जुनी लोखंडी कढई उलटी केली, बुडावर लाकडी मूठ बसवली आणि भोके पाडली. भोके कशाला, हे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर समीकरण मांडून सांगितले : एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. ती कोंडली तर रोडगे भाजायच्याऐवजी उकडतात. शिवाय ज्वाळेला हवा कमी पडली की ती पिवळी होते आणि विषारी वायू तयार होतो. म्हणून हे काम उघड्या ओसरीवरच करायचे, बंद खोलीत कधीच नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची : तिन्ही बाजूंनी साध्या पत्र्याचा आडोसा. सिलिंडर त्या आडोशाबाहेर, आणि नळी ज्वाळेखालून न जाता बाजूने.

इथवर सगळे ठीक. मग घरातल्या तरुणांना आच वाढवायची हुक्की आली. बर्नरच्या जेटचे भोक जरा मोठे करावे, नाहीतर हॉटेलवाल्यांच्या भट्टीचा रेग्युलेटर लावावा, अशी सूचना निघाली. एवढा वेळ हसतखेळत काम करणाऱ्या त्या गृहस्थांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "सार, अदि मात्रं वद्दु." तेवढे मात्र नको.

का नको, ते त्यांनी समजावले. सिलिंडरात गॅस हवेच्या पाच-सात पट दाबाने कोंडलेला असतो. घरगुती रेग्युलेटर तो इतका उतरवतो की शेगडीकडे येताना तो हवेच्या दाबाहून जेमतेम ३ टक्के अधिक उरतो. जेटचे भोक त्याच हिशेबाने पाडलेले असते. दोन्हींपैकी एक बदलले की हिशेब मोडला. गॅस हवेहून जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. मोठ्या सिलिंडरातून छोट्यात भरणे हेही तसेच, बेकायदा आणि जीवघेणे. नळी आय.एस.आय.ची, पाच वर्षांनी बदललेली; आणि वास आला तर १९०६ या क्रमांकाला फोन. त्यांचे सूत्र सरळ होते : ज्वालेच्या वर काय हवे ते करा, ज्वालेच्या खाली हात लावू नका.

याच नियमाने आमचा सर्वांत मोठा पेच सोडवला. आईला खाली पाटावर बसून भाजायचे होते. पण शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावरच हवी, हा नियम. शेगडी खाली आणता येईना. मग आम्ही आईला वर आणले. ग्रिलला दोन फुटांचा लोखंडी स्टँड केला आणि तिच्यासाठी रुंद, पाठीचे, हात टेकता येतील असे बसणे त्याच मापाने करून घेतले. मूठ उजव्या हाताला, चावी डाव्या.

अशी उलाढाल जगात सगळीकडे चालते. शिकागोजवळ पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली तिथे बनणारा समुद्री बोया अर्धा कापला, त्याचे भांडे आणि झाकण केले, हवेला भोके पाडली. पुढे जगभर गेलेले वेबर ग्रिल ते हेच. त्यांनाही वाऱ्याचा आणि करपण्याचाच त्रास होता.

सीमेवरच्या माणसाला हा धडा नवा नाही. आपल्या मराठीत आपण किती तेलुगू आणि उर्दू शब्द बिनदिक्कत घेतले, वाक्याचा हेल बदलला. बोली आपली झाली, चवदार झाली. पण मुले मराठी वाचेनाशी झाली, तेव्हा ती वरची जाळी नव्हती, खालची नळी होती. शाळेच्या खुर्चीतून मला ते रोज दिसते. काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हे ओळखणारा वेल्डर भाषेला मिळत नाही. ते काम घरानेच करायचे असते.

आता हिवाळ्याच्या संध्याकाळी आई ओसरीवर बसते. भाकरी तव्यावर अर्धी भाजते, खापऱ्यांच्या धगीवर टाकते, आणि ती फुगते. वांगी दोन वेगळ्या ताटांत जातात, एक ताट भिंतीपलीकडे पच्चडीसाठी. पऱ्हाटीच्या धुराचा वास मात्र भरताला येत नाही. आई ते दर वेळी न चुकता सांगते, आणि सांगताना तिला धाप लागत नाही.