जहाजावरची पंगत

क्रूझचे आरक्षण करताना खोलीचा प्रकार, पासपोर्टचे तपशील, सोबतच्यांची वये असे सारे भरून झाले की शेवटाकडे एक निरुपद्रवी दिसणारा प्रश्न येतो : रात्रीचे जेवण रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर घेणार, की मनाला येईल तेव्हा जाऊन मिळेल त्या टेबलावर बसणार? बहुतेक प्रवासी या प्रश्नाला अर्धे मिनिटही देत नसावेत. आमच्या घरात त्याने तीन रविवार घेतले. साहित्य शिकवणाऱ्यांना साध्या प्रश्नाचा गुंता करण्याची खोड असते, हे मान्य. तरीही त्या एका चौकोनात खूण करताना आपण जेवणाच्या वेळेपेक्षा बरेच काही ठरवत असतो, असे आम्हांला वाटते. कोणाच्या शेजारी बसायचे, आपल्याला कोण वाढणार आणि त्या वाढणाऱ्याचे आपण कोण लागतो, हेही त्यातच ठरते.

आधी व्यवस्था सांगून टाकू. मोठ्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत, म्हणून जुन्या रिवाजात दोन पंगती उठतात. पहिली साडेपाच-सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. नाट्यगृहातले खेळही याच हिशेबाने दोनदा होतात. टेबलाचा क्रमांक, वाढपी, त्याचा मदतनीस आणि शेजारी बसणारी मंडळी प्रवास संपेपर्यंत तीच राहतात. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' या नावाने ही चौकट मोडली आणि पुढच्या काही वर्षांत इतर मोठ्या अमेरिकी कंपन्यांनीही जुन्या पंगतींच्या जोडीला 'केव्हाही या' असा दुसरा पर्याय ठेवला. त्यात संध्याकाळच्या तीन-चार तासांत वाटेल तेव्हा जावे, हवे तर दोघांपुरते टेबल मागावे. गर्दीच्या वेळी दाराशी ताटकळावे लागते, एवढाच काय तो त्रास.

आमचा प्रवास २०२३च्या मे महिन्यातला, न्यू जर्सीतल्या बेयॉन बंदरातून बर्म्युडाला जाऊन परत येण्याचा, पाच रात्रींचा. आम्ही दोघे, आई, एडिसनला राहणारी मेहुणी, साडूभाऊ आणि नुकतीच कॉलेजात गेलेली भाची असे सहा जण. भाचीचे मत स्पष्ट होते : सुट्टीत वेळापत्रक कशाला? साडूभाऊंचा मुद्दा अधिक व्यवहारी होता. जहाज बर्म्युडाच्या धक्क्याला एक रात्र मुक्काम करते. त्या संध्याकाळी बेटावर रेंगाळायचे सोडून साडेआठच्या ठोक्याला टेबलाशी हजर का व्हायचे? आईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "रोज नव्या माणसाला आपण काय खातो आणि काय खात नाही ते पहिल्यापासून कोण सांगत बसणार?"

या प्रश्नात इतिहास आहे. १८८८ साली मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या मोहनदास गांधींनी जहाजावरचे बरेचसे जेवण आपल्या खोलीतच उरकले. काटे-सुरे चालवता येत नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्याला विचारण्याचा धीर होत नव्हता, असे त्यांनीच आत्मकथेत लिहिले आहे. आज पदार्थांच्या यादीत शाकाहारी पदार्थांपुढे खूण असते. पण खूण असणे वेगळे आणि आपले पथ्य कोणाला तरी ठाऊक असणे वेगळे. ठरलेल्या टेबलाचा मोठा व्यावहारिक फायदा असा, की दुसऱ्या दिवसापासून काही सांगावे लागत नाही, आणि आदल्या रात्री हेड वेटरच्या कानावर घातले तर पुष्कळ जहाजांवर दुसऱ्या दिवशी डाळ-भात, एखादी भाजी हमखास येते. स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात भारतीय माणसे असतातच.

आम्हां दोघांतला मतभेद मात्र पथ्याचा नव्हता. आमच्यापैकी एकाला ठरलेले टेबल हवे होते ते कथात्म कारणासाठी. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकी लेखकाचा क्रूझवरचा दीर्घ लेख १९९६ साली 'हार्पर्स' मासिकात आला. तो नंतर पुस्तकातही घेतला गेला. त्यात ६४ क्रमांकाचे टेबल आहे, तिथली माणसे आहेत आणि तिबोर नावाचा वाढपी आहे. हे लोक वाचकाच्या मनात राहतात, कारण ते रोज रात्री परत येतात. पुनरागमनाशिवाय पात्र उभे राहत नाही. 'केव्हाही या' पद्धतीत रोज रात्री एक नवी लघुकथा सुरू होते आणि फळांच्या बशीपाशी संपते. कादंबरी होण्याची सोयच नाही. वॉलेस काही वर्षे उशिरा आणि 'फ्रीस्टाइल' जहाजावर गेला असता, तर त्या लेखाचा तो भाग बहुधा लिहिला गेला नसता.

दुसऱ्याने याला उत्तर म्हणून कॅथरिन ॲन पोर्टरची 'शिप ऑफ फूल्स' (१९६२) पुढे केली. १९३१ साली व्हेराक्रूझहून जर्मनीला निघालेले जहाज, कप्तानाचे मानाचे टेबल आणि लोवेन्थाल नावाच्या ज्यू प्रवाशाला वेगळे काढून दिलेले एकट्याचे छोटे टेबल. फ्रायटाग हा जर्मन गृहस्थ कप्तानाच्या टेबलावर असतो. त्याची पत्नी ज्यू आहे हे कळताच त्याचीही रवानगी लोवेन्थालच्या टेबलावर होते. कोणी आवाज चढवत नाही. फक्त जागा बदलते. हे काय आहे ते मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे त्याला 'पंक्तिभेद' असा तयार शब्द आहे. ठरलेल्या टेबलाचे गोडवे गाणाऱ्याने ते टेबल ठरवतो कोण, हेही विचारले पाहिजे. आजच्या जहाजांवर कोणी धर्म पाहून टेबल देत नाही, पण खिडकीजवळच्या जागेसाठी पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरच्या हातात नोट सरकवणारे असतातच. त्या मानाने 'केव्हाही या' ही पद्धत लोकशाहीला अधिक जवळची. येईल त्याला येईल त्या क्रमाने जागा मिळते.

वाद रंगला, निकाल मात्र आईंच्या बाजूने लागला. साडेआठची पंगत, आठ जणांचे टेबल. उरलेल्या दोन खुर्च्यांवर पेनसिल्व्हेनियातले एक निवृत्त दांपत्य आले. नव्वदच्या दशकापासून क्रूझ करणारे, बोलके, आणि आमच्या डाळीविषयी कुतूहल बाळगणारे.

वाढपी गोव्याचा निघाला, सासष्टीतला. यात योगायोग फारसा नव्हता. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गोव्याची माणसे कित्येक पिढ्या जात आली. जहाजावर जाणाऱ्याला कोंकणीत 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गावागावांनी आपल्या तारवटींसाठी 'कूड' नावाची वसतिगृहे चालवली. बोट लागेपर्यंत तिथे पथारी टाकायची, बोट मिळाली की निघायचे. आमचा वाढपी विमानाने अमेरिकेला जाऊन जहाजावर चढला होता, पण धंदा तोच. तो आमच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलायचा. आईंशी दुसऱ्या दिवसापासून कोंकणीत, आणि त्या त्याला मराठीत उत्तरे द्यायच्या.

तिसऱ्या रात्री आईंनी त्याला विचारले, "अरे, तू जेवलास का?"

हा प्रश्न मराठी घरात दिवसातून दहादा विचारला जातो. त्या भोजनगृहात मात्र त्याने क्षणभर सगळी घडी विस्कटली. वाढपी हसून म्हणाला, "मागीर, आजी, मागीर." नंतर म्हणजे कधी? तर शेवटचे टेबल उठल्यावर, सकाळची मांडणी करून, साडेदहा-अकराला खालच्या मजल्यावरच्या कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये. सकाळी न्याहारीला तो पुन्हा हजर. सागरी कामगारांविषयीचा २००६चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली अमलात आला आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. विश्रांतीच्या तासांवर तो मर्यादा घालतो तेव्हा चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी, असे म्हणतो. उलट्या बाजूने वाचले तर चौदा तासांचा कामाचा दिवस त्या नियमात बसतो.

आम्ही त्याला आमच्या तीन रविवारांचा प्रश्न विचारला. ठरलेली टेबले बरी, की येणारी-जाणारी? "दोन्ही बरी, सर," तो म्हणाला. दुसरे काय म्हणणार? प्रवासाच्या शेवटी आम्ही गुणपत्रक भरणार, त्यात त्याचे नाव लिहिण्याची जागा असणार, आणि नाव आले की न आले यावर पुढच्या कराराचा रंग ठरणार. ज्याचे गुण आपल्या हातात आहेत त्याच्याकडून खरे उत्तर मिळावे ही अपेक्षाच अवघड आहे. आमच्यापैकी एकीने आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही, आणि वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांची मते. कसे चालले आहे असे प्राचार्यांनी विचारले की तीही "छान" एवढेच म्हणत असे. सात-आठ महिन्यांचा करार, मग दोनेक महिने बिनपगारी घर, मग पुन्हा करार : तारवटीचे हे गणित तिला त्या टेबलावर इतर कोणापेक्षाही लवकर कळले.

आता पैशांकडे येऊ. पेनसिल्व्हेनियाच्या आजोबांनी जुनी पद्धत सांगितली. शेवटच्या रात्री खोलीत कोरी पाकिटे ठेवलेली असत आणि सोबत मार्गदर्शक दर. २०००नंतरच्या काही वर्षांत एका मोठ्या कंपनीचे दर असे होते : माणशी दररोज वाढप्याला साडेतीन डॉलर, मदतनीसाला दोन, खोली झाडणाऱ्याला साडेतीन, हेड वेटरला पाऊण. प्रवाशाने पाकीट हातात द्यायचे, हात मिळवायचा. आणि म्हणूनच, आजोबा डोळे मिचकावत म्हणाले, शेवटच्या रात्री काही टेबले रिकामी राहायची. ती मंडळी वरच्या मजल्यावर बुफेत सापडत.

'केव्हाही या' पद्धतीत पाकीट निरुपयोगी झाले. रोज वाढपी वेगळा, तर पाकीट कोणाला? म्हणून टिप माणशी दररोज ठरावीक रकमेने प्रवाशाच्या खात्यावर आपोआप चढू लागली आणि पाहता पाहता ठरलेल्या टेबलांनाही तीच पद्धत लागू झाली. आमच्या वेळी ती १६ डॉलर होती. आज बहुतेक अमेरिकी जहाजांवर साध्या खोलीसाठी ती १६ ते २० डॉलरांच्या आसपास असते, लहान मुलांचीही धरून. दोघांचे पाच रात्रींचे १६० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने १३,००० रुपयांच्या वर. ही रक्कम वाढपी, खोली सांभाळणारा आणि आपल्याला कधीही न दिसणारे काही हात यांत वाटली जाते. प्रवाशाला ती कमी करण्याची किंवा काढून टाकण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. त्यासाठी स्वागतकक्षाशी जाऊन सांगावे लागते.

साडूभाऊ चौथ्या दिवशी तसे सांगायला निघाले होते. कंजूषपणाने नव्हे, तत्त्वाने. पगार देणे हे मालकाचे काम, ते त्याने माझ्या गळ्यात का घालावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यामागे अमेरिकेचा इतिहासही आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने शयनयान डब्यांत सेवक म्हणून नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे लोक घेतले आणि तुटपुंजा पगार देऊन उरलेले प्रवाशांच्या मर्जीवर सोडले. त्या सेवकांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली उभी राहिली आणि कंपनीने तिच्याशी करार केला तो १९३७ साली. तेव्हा टिप म्हणजे उदारपणा, ही समजूत भाबडी आहे. बदलता येत नाही असेही नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ साली ही वेगळी रक्कम घेणे बंद केले.

आमचा आक्षेप तत्त्वाला नव्हता, जागेला होता. कंपनीवरचा राग स्वागतकक्षात व्यक्त केला तर तो कंपनीपर्यंत पोहोचत नाही. तो खालच्या मजल्यावरच्या मेसमध्ये पोहोचतो.

या प्रसंगी भाषेने आम्हांला अडवले. 'टिप'ला मराठीत काय म्हणावे? 'बक्षीस' म्हणावे तर देणारा उंचावर उभा राहतो. 'दक्षिणा' म्हणावी तर घेणारा. 'पोस्त' हा शब्द आम्हांला सर्वांत जवळचा वाटला होता. दिवाळीला पोस्टमन, वॉचमन, कचरा नेणारी बाई दाराशी येतात, आपण हातात काही ठेवतो, फराळाची पुडी देतो, मुलांची चौकशी करतो. पण पोस्त पगाराच्या वर असते. पगार दुसरीकडून येतो, निदान यावा असे गृहीत असते. जहाजावरची रक्कम पगाराच्या जागी बसलेली आहे आणि बोलताना पोस्ताचा गोडवा वापरते. शब्द न सापडण्याचे कारण बहुधा हेच असावे.

साडूभाऊंनी शेवटी रक्कम तशीच राहू दिली. भाचीने त्यांना काय सांगितले ते आम्हांला कळले नाही. शेवटच्या रात्री दिवे मंद झाले, वाढपी रांगेने थाळ्या उंचावत फिरले, लोकांनी रुमाल हवेत फिरवले. आम्ही खात्यावरच्या रकमेशिवाय एक पाकीट वाढप्याला आणि एक त्याच्या इंडोनेशियन मदतनीसाला दिले. आईंनी स्वतःच्या पिशवीतून, वरण-भात मिळाला म्हणून, आळूवड्यांसाठी आणलेल्या चिंच-गुळाचा उरलेला डबा दिला. आळू काही मिळाला नव्हता. गुणपत्रकात त्याचे नाव आम्ही दोघांनी वेगवेगळे, शुद्ध स्पेलिंग तपासून लिहिले.

या दिवाळीच्या सुट्टीत आमचे एक सहकारी सहकुटुंब निघत आहेत. त्यांनी विचारले तेव्हा आम्ही असे सांगितले : सोबत वडीलधारे असतील, पथ्ये असतील, तर उशिराची पंगत घ्या. लहान मुले असतील, रोज नवे बंदर असेल, तर 'केव्हाही या' घ्या. पण पहिल्या रात्री वाढपी आवडला तर दुसऱ्या दिवशी दाराशी त्याच्याच टेबलांपैकी एक मागा, बहुधा देतात. टिपेची रक्कम तिकिटाच्या वेळीच भरून टाका, म्हणजे जहाजावर तिचा विचार करावा लागत नाही. आणि पाच-पाच डॉलरच्या सुट्ट्या नोटा इथूनच घेऊन जा. शेवटच्या दिवशी तिकडच्या खिडकीवर त्यासाठी मोठी रांग असते.